पुढचं पुस्तक कोणतं?

आमच्या भिशीत पैशांवरून आजवर कधी वाद झाला नाही. झाला तो पुस्तकावरून!

त्याचं असं झालं. बारामतीत आम्ही चौदाजणी दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी जमतो. सुरुवातीला नुसतीच भिशी होती. चिठ्ठी निघाली, चहा-चिवडा झाला, एकमेकींच्या साड्यांचे काठ बघून झाले की ज्या त्या आपापल्या घरी. मग चार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी मनात आलं की महिन्याला एक पुस्तक सगळ्यांनी वाचावं आणि त्यावर बोलावं. जिची भिशी लागेल तिनं पुस्तक सुचवायचं, असा नियमही झाला. नियम ऐकायला फार सोयीचा, पण त्यामुळे एकदा लोणच्यांचं पुस्तक आलं, एकदा राशिभविष्याचं आलं, आणि एका महिन्यात अशी जाडजूड कादंबरी आली की साठाव्या पानापुढे कुणी गेलंच नाही. चर्चा म्हणाल तर "छान होतं ना?" "हो, छानच होतं," एवढ्यावर संपायची आणि गाडी सुनांवर यायची.

यंदा दिवाळीनंतर इंदापूरहून वन्संचा फोन आला. त्यांच्याकडेही नऊजणींचा असाच गट आहे. म्हणाल्या, "वहिनी, या खेपेला दोन्ही गटांनी मिळून पुस्तक ठरवू या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्या एकत्र बसू आणि त्यावरच बोलू." कल्पना सगळ्यांना आवडली. पण पुस्तक कोणतं?

झालं! नावांचा पाऊस पडला. 'स्वामी' घ्या, 'ययाति' घ्या, 'मृत्युंजय' घ्या. गंमत अशी की ही नावं सुचवणाऱ्या सगळ्यांनी ती पुस्तकं लग्नाआधीच वाचलेली होती. एकजण तर म्हणाली, "मृत्युंजय घेतलं तर मला परत वाचायला नको!" कुणाला पातळ पुस्तक हवं होतं, कुणाला मोठ्या अक्षरांचं. "रडारड नको गं बाई, ती काय घरात कमी आहे?" असं एकीनं म्हटल्यावर सगळ्या हसलो. आमच्यातल्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी मात्र एक नाव हळूच घेतलं. 'जिणं आमुचं.' बेबी कांबळे यांचं. त्यावर क्षणभर कुणी बोललं नाही. मग कोपऱ्यातून आवाज आला, "ते आपल्याला कशाला?" आणि कुणीतरी चहा आणला.

त्या वेळी मीही गप्प बसले, हे आधीच सांगून टाकते.

शेवटी ठरलं ते असं. चार-पाच पुस्तकं घेऊन मी इंदापूरला जावं आणि तिकडच्यांशी बोलून निकाल लावून यावं. वाचनालयातून मी 'स्मृतिचित्रे' घेतलं. इरावती कर्व्यांची 'युगान्त' आणि 'परिपूर्ती' अशी दोन घेतली. विश्वास पाटलांची 'झाडाझडती' घेतली. शिक्षिकाबाईंनी आपली घरची प्रत आणून दिली, म्हणून 'जिणं आमुचं'ही घेतलं. ते पिशवीत सगळ्यात खाली ठेवलं. वर डब्यातल्या करंज्या.

माझ्या नाशिकच्या मैत्रिणीला हे सगळं फोनवर सांगितलं तर ती हसायला लागली. त्यांच्याकडे कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ मध्ये 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम सुरू केला. पुस्तकांची भरलेली पेटीच गटाकडे येते, वाचून झाली की ती पुढे जाते आणि दुसरी येते. "निवडायची कटकटच नाही," ती म्हणाली. सोय उत्तमच आहे, वाचनाची सवय लागायला तर फारच चांगली. पण मला वाटलं, आमच्या कटकटीतच काहीतरी दडलेलं होतं, आणि ते पेटीनं आलं नसतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी कऱ्हेकाठच्या बाबूजी नाईकांच्या वाड्याकडे सहज फेरी मारून आले. बारामतीच्या माणसाला पुस्तकाचा विषय निघाला की मोरोपंत आठवायलाच हवेत! पंत मूळचे पन्हाळ्याचे, जन्म १७२९ चा. नाईकांच्या आश्रयानं ते इथे राहिले आणि १७९४ मध्ये इथेच गेले. सगळं महाभारत त्यांनी आर्यांत बसवलं. रामायणं तर नाना परींनी लिहिली. त्यांतलं एक 'निरोष्ठ' आहे, म्हणजे प, फ, ब, भ, म ही ओठाला ओठ लावून म्हणायची अक्षरं त्यात नाहीत. घरी येऊन मी भाजी फोडणीला टाकताना तशी चार वाक्यं बोलून पाहिली, तर "पाणी" म्हणता येईना आणि "मीठ"ही म्हणता येईना!

आर्याभारत आमच्या गटाला झेपणारं नाही, हे उघड आहे. पण वाड्याच्या तटाशी उभी असताना एक गोष्ट मनात आली. पंत नाईकांकडे पुराण सांगत. म्हणजे एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, तरी 'हरिविजय' आणि 'पांडवप्रताप' यांतले अध्यायच्या अध्याय तिला ठाऊक होते. चातुर्मासात शेजारच्या काकू पोथी वाचायच्या आणि आळीतल्या बायका वाती वळत ऐकायच्या. एका पोथीत पंधराजणींचं वाचन होत असे. आम्ही मात्र चौदा प्रती कुठून आणायच्या म्हणून हिशेब करत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली. मार्च २०२३ मध्ये बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं, तेव्हापासून वन्संचं घर मला जवळ वाटायला लागलंय. तसं अंतर सुमारे ५० किलोमीटरच. पण हा रस्ता साधा नव्हे. तुकोबांची पालखी याच वाटेनं पंढरीला जाते. काटेवाडीला पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्यांचं रिंगण होतं. बेलवाडीला रिंगण, इंदापूरला रिंगण. पालखी मार्गाच्या रुंदीकरणात रस्ता ऐसपैस झाला, पण जुनी सावली गेली. खिडकीतून ऊन थेट मांडीवर येत होतं.

कारखान्यांचा हंगाम सुरू झालेला. भवानीनगरच्या आसपास उसाच्या ट्रॅक्टरांमागे गाडी रखडली आणि मळीचा तो ओळखीचा वास आत आला. नवख्या माणसाला तो नकोसा वाटतो. आम्हाला त्यात पोरांच्या शाळेची फी दिसते. नीरेच्या डाव्या कालव्याचं पाणी या दोन्ही तालुक्यांना मिळालं म्हणून हा ऊस दिसतो. नाहीतर हा मुलूख मूळचा अवर्षणाचा.

रखडलेल्या गाडीत वेळ होता, म्हणून मी 'परिपूर्ती' उघडलं आणि त्यातला वारीवरचा लेख काढला. इरावतीबाई चालल्या त्या ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर, म्हणजे आमच्या रस्त्यानं नव्हे, पलीकडच्या फलटणच्या रस्त्यानं. पण वाट वारीचीच. त्यांच्या दिंडीत ब्राह्मण बायकाही होत्या आणि मराठा बायकाही. एकत्र चालायच्या, एकत्र अभंग म्हणायच्या आणि जेवायला मात्र वेगवेगळ्या बसायच्या. बाईंना ते फार लागलं. त्या दोन्हींकडे जेवल्या, दोन्हींकडच्यांशी बोलल्या आणि तसं लिहूनही ठेवलं. पूर्वी कॉलेजात असताना हा लेख मी वाचला होता. तेव्हा त्यातलं पावसाचं आणि चिखलाचं वर्णन तेवढं आवडलं होतं. या खेपेला पुस्तक मिटून मी पिशवीत ठेवलं, तेव्हा हात तळाशी गेला.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक अंगणवाडी सेविका राहतात. वाचनालयात माझ्याआधी पुस्तक कुणी नेलं होतं म्हणून कार्ड बघावं, तर दहांपैकी सहा वेळा त्यांची सही असते. दिवाळी अंक तर त्या एकही सोडत नाहीत. त्यांना भिशीला कुणी 'येऊ नका' असं कधीच म्हटलेलं नाही. फक्त 'या' असंही कधी कुणी म्हटलं नाही. "ते आपल्याला कशाला?" या प्रश्नातलं 'आपल्याला' म्हणजे कोण, हे आम्हा चौदाजणींना न सांगता कळलं होतं.

निमगाव केतकीला दोघी बायका खाऊच्या पानांच्या टोपल्या घेऊन चढल्या आणि गाडीभर हिरवा गार वास पसरला. त्यांच्याशी भाव बोलता बोलता इंदापूर आलंसुद्धा.

इंदापूर म्हणजे शिवाजी महाराजांच्या आजोबांचं, मालोजीराजांचं गाव. इथल्याच लढाईत ते पडले. गढीच्या अंगानं रिक्षा गेली की मला नेहमी बरं वाटतं. वन्संच्या घरी सातजणी आधीच जमल्या होत्या. पोह्यांवर ओलं खोबरं, आणि कोपऱ्यात वन्संच्या सासूबाई मेथी निवडत बसलेल्या. सगळ्या त्यांना आक्का म्हणतात. वय पंचाहत्तरीच्या पुढे. शाळेत कधी गेल्या नाहीत.

मी एकेक पुस्तक काढत गेले. 'स्मृतिचित्रे' बघून दोघी-तिघी खूश झाल्या. लक्ष्मीबाई टिळकांचा विनोद कुणाला आवडत नाही? पण ते बहुतेकींचं वाचून झालेलं. 'युगान्त' १९६७ चं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार आहे, कुंती-गांधारीवर नुसतं बोलायचं म्हटलं तरी रात्र पुरणार नाही, असं मी जरा वकिली करून सांगितलं. मग 'झाडाझडती' बाहेर काढली. धरणामुळे उठलेल्या गावाची, विस्थापितांची ती कादंबरी. तिलाही १९९२ चा अकादमीचा पुरस्कार. वन्संनी पटकन डोळ्यांनी खूण केली, राहू द्या म्हणून. त्यांच्या शेजारीणबाई तर हळू आवाजात बोलूनच गेल्या, "हे नको. आक्कांना त्रास होईल."

आक्कांचं माहेर आणि सासर दोन्ही भीमेकाठची. उजनीचं धरण १९८० मध्ये पुरं झालं आणि दोन्ही गावं पाण्याखाली गेली.

मेथीची जुडी बाजूला ठेवून आक्का म्हणाल्या, "मला इचारलं का कुनी?"

सगळ्या गप्प.

"वाच की गं," मला म्हणाल्या. "बघू तरी काय लिवलंय."

मी दोन पानं वाचली. मोठ्यानं वाचायची सवय राहिलेली नाही, पहिल्या परिच्छेदात आवाज अडखळला, मग लागला. आक्का मान खाली घालून ऐकत होत्या. तिसऱ्या पानाला त्यांनी हातानं थांबवलं आणि स्वतःच सांगायला लागल्या. घर सरकारनं पाडलं नाही, आपल्याच माणसांनी पाडलं, कारण तुळया आणि दारं नव्या गावठाणात लागणार होती. नवरा आणि दीर वर चढून पत्रे उतरवत होते आणि त्या खाली उभ्या राहून खिळे गोळा करत होत्या. वाकडे खिळे ठोकून सरळ करायचे. जातं मात्र नेता आलं नाही. बैलगाडीच्या दोन खेपा झाल्या, तिसरीला उशीर झाला आणि ते तसंच राहिलं.

"मग रडलात का हो तुम्ही?" कुणीतरी विचारलं.

"रडायला येळ कुठं हुता? काम लई हुतं."

शेजारीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला. आक्कांचे डोळे कोरडे. त्या म्हणाल्या, "समद्या मिळून वाचनार असाल तर हेच घ्या. एकेकटीनं घरी न्यायचं असंल, तर मग माझा काय उपेग?"

निकाल तिथेच लागला. पुस्तक मोठ्यानं वाचायचं. गुरुवार आणि सोमवार, दुपारी तीन ते साडेचार, आक्कांच्या घरी. प्रती दोनच घ्यायच्या. वाचणारीचा घसा बसला तर दुसरीनं घ्यायचं. ज्यांना चष्म्याचा त्रास आहे, ज्यांची लाज वाटते म्हणून ज्या कधी येत नव्हत्या, त्यांनाही आता येता येईल. इंदापूरच्या एका बाईंनी तर तिथल्या तिथे सांगितलं, "माझ्या कामवाल्या मावशींना आणते. त्याही तिकडच्याच."

पिशवी आवरताना वन्संच्या हाती तळाचं पुस्तक लागलं. "वहिनी, हे राहिलंच की." मी म्हटलं, "ते असंच आहे." त्यांनी मागचं पान वाचलं. "या फलटणच्या ना? म्हणजे तुमच्या शेजारच्याच. मग काढलं का नाहीत?"

काय सांगणार? बारामतीहून फलटण म्हणजे नीरा ओलांडली की आलंच. तिथे एका छोट्या दुकानात बसून बेबीताईंनी हे लिहिलं. पुड्या बांधायला आणलेली रद्दी आधी वाचायची, मग तिच्यात साखर बांधायची, असं त्यांचं वाचन. घरच्यांना कळू नये म्हणून लिहिलेले कागद वीसेक वर्षं लपवून ठेवले. ते १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून आलं, १९८६ मध्ये पुस्तक निघालं, पुढे इंग्रजीतही गेलं. महार समाजातल्या बायकांनी उपास, जातीचा जाच आणि घरातल्या सासूचा जाच असे तिन्ही कसे सोसले, हे त्यात लपवाछपवी न करता सांगितलेलं आहे. हे सगळं मला ठाऊक होतं. मी ते सात बायकांना सांगितलं. "पण मग काढलं का नाहीत?" हा प्रश्न मात्र तसाच राहिला. आक्का मेथीची देठं गोळा करत म्हणाल्या, "इचारलं नसंल कुनी." त्यांना माझ्या गल्लीतलं काहीच माहीत नव्हतं.

दुपारी वन्संच्या मुलानं आम्हा तिघींना गाडीतून पाण्यावर नेलं. नोव्हेंबर असल्यानं उजनी काठोकाठ. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघडं पडतं आणि लोक बघायला जातात, तसं आक्काही दर दोन-तीन वर्षांनी आपल्या गावच्या जागी जाऊन येतात. एका वर्षी विहिरीचा काठ सापडला. जातं अजून नाही. काठावर चिलापी मासळीच्या होड्या लागल्या होत्या, दोन-चार बगळे होते, रोहित पक्षी अजून यायचे होते. आक्कांनी बोट करून दाखवलं तिथे मला नुसतं पाणीच दिसलं. पाच मिनिटं थांबलो आणि डास चावायला लागले म्हणून परतलो.

परतीच्या गाडीत मी मनाशी वाटणी करून टाकली. इंदापूरकरणींनी 'झाडाझडती' घ्यावी, आम्ही 'जिणं आमुचं' घ्यावं, आणि संक्रांतीनंतर अदलाबदल. म्हणजे चार प्रतींत दोन गावांचं भागेल. हिशेबाला हे चोख होतं. बारामतीच्या बैठकीत मी ते मांडलं. थोडी कुरकुर झाली, "आपल्याला कशाला" पुन्हा आलं. पण या वेळी मी म्हटलं, "आपल्याला म्हणजे कुणाला?" एरवी मी असं बोलत नाही. शिक्षिकाबाई माझ्या बाजूनं होत्या, आणखी तिघी झाल्या. बाकीच्यांनी नाही म्हटलं नाही. एकजण मात्र त्या दिवसापासून आलेली नाही. येईल असं वाटतं, पण खात्री नाही.

मग मी गल्लीच्या टोकाला गेले. अंगणवाडी सुटायची वेळ होती. सेविकाबाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मी उत्साहानं सगळं सांगितलं आणि या म्हटलं.

त्यांनी शांतपणे विचारलं, "भिशीला की पुस्तकाला?"

मी म्हटलं, "दोन्हीला."

"आणि पुस्तक 'युगान्त' ठरलं असतं, तर आला असता?"

मला खोटं बोलता आलं नाही. त्या थोड्या हसल्या. म्हणाल्या, "ताई, ते पुस्तक मी तीन वेळा वाचलंय. पण मी तिथे बसले की तुम्ही सगळ्या प्रत्येक पानाला माझ्याकडे बघणार. खरंच असं होतं का हो, म्हणून विचारणार. माझं सगळं आयुष्य बारामतीत गेलं. मला काय ठाऊक वीरगावचं?"

मी उठायला लागले तेव्हा त्यांनी चहा टाकला. चहा होईस्तोवर 'झाडाझडती'वर बोललो. त्यांना तिच्यातली भाषा फार आवडते. त्यांनी मग आपली अट सांगितली. आधी बारामतीतही 'झाडाझडती'च वाचायची, दोन्ही गावांनी एकच. चार-सहा बैठका एकत्र बसून झाल्या, तोंडओळख झाली, की मग 'जिणं आमुचं'. आणि ते वाचताना वाचायची पाळी त्यांची नसेल. त्या ऐकायला बसतील.

म्हणजे माझी वाटणी मोडली. आता प्रती चार नव्हे, सहा लागणार, आणि एकाच पुस्तकाच्या सहा प्रती बारामतीत मिळेनात. दोन पुण्याहून मागवल्या आहेत. पहिली बैठक येत्या गुरुवारी, माझ्याच घरी. खाकी कागदाची कव्हरं घालून झाली. हळदीचा डाग पाडणारीला पाच रुपये दंड आहे.

तिसरं पुस्तक सेविकाबाईंनी सुचवायचं, असं ठरलंय. नाव काही त्यांनी अजून सांगितलेलं नाही.